सुरैया, सुहेल आणि रोहिणी: मुलांना तारांगण का दाखवायचं?

(युवक-युवतींच्या एका शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



या शिबिरात काल तुम्ही कायद्यावर ऐकलं, शिक्षणावर ऐकलं, शिष्यवृत्तीचे अर्ज कसे भरायचे तेही शिकलात. आज मला आकाशावर बोलायला सांगितलंय. कुणाला वाटेल, एवढे मोठे प्रश्न समोर असताना हे आकाशाचं काय काढलं? मी शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी मुलांना तारांगणात नेते आणि हिवाळ्यात एक रात्र आकाश बघायला गावाबाहेर नेते. त्यातून मला जे दिसलं ते तुमच्यासमोर ठेवते. हा विषय आपल्या प्रश्नांपासून दूरचा आहे की अगदी जवळचा, ते तुम्हीच ठरवा.

आधी तारांगणाबद्दल. घुमटावर ताऱ्यांचं आकाश उमटवणारं यंत्र जर्मनीतल्या झाइस कंपनीने बनवलं आणि १९२३ मध्ये म्युनिकमध्ये पहिल्यांदा दाखवलं. ते यंत्र इतकं महाग होतं की मोठ्या शहरांनाच परवडायचं. पुढे १९४० च्या दशकात अमेरिकेत आर्मंड स्पिट्झ नावाच्या माणसाने शाळा-कॉलेजांना परवडेल असं छोटं यंत्र तयार केलं. एक पोकळ, बारा बाजूंचा डबा, त्याला बारीक भोकं आणि आत दिवा. भोकातून गेलेला उजेड घुमटावर पडला की तारा झाला! एवढ्या साध्या युक्तीवर तारांगण शाळेत येऊ शकलं.

आपल्याकडे भारतातलं पहिलं मानलं जाणारं तारांगण १९५४ मध्ये सुरू झालं, ते पुण्यात, टिळक रोडवरच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये. म्हणजे चक्क एका शाळेत! मुंबईचं नेहरू तारांगण आलं त्यानंतर तेवीस वर्षांनी, १९७७ मध्ये. आता तर हवा भरून उभं करायचं फिरतं तारांगणही मिळतं. शाळेच्या हॉलमध्ये तंबूसारखा घुमट फुगवतात, मुलं वाकून आत शिरतात आणि भर दुपारी रात्र होते. तेव्हा "आमच्या गावात तारांगण नाही" ही सबब आता फारशी चालत नाही.

दिवे हळूहळू मालवतात, मुलं आधी आरडाओरडा करतात, मग एकदम गप्प होतात. शहरातल्या मुलांनी एवढे तारे कधी पाहिलेलेच नसतात. मग निवेदक बाण फिरवत सांगायला लागतात: हा मृग, ही रोहिणी, इंग्रजीत आल्डेबरान. ही कृत्तिका. हा अभिजित, इंग्रजीत व्हेगा. इथे मी मुलांना थांबवते आणि विचारते, आल्डेबरान हा शब्द इंग्रजी वाटतो का? कुणीतरी अरबी शिकायला जाणारा पोरगा अंधारातून ओरडतो, "मॅडम, अल्-दबरान!"

बरोबर. अल्-दबरान म्हणजे मागून येणारा. कुणाच्या मागून? कृत्तिकेच्या. कृत्तिकेला अरबीत म्हणतात सुरैया. आता सांगा, तुमच्या नात्यात, मोहल्ल्यात सुरैया नावाची कुणी नाही असं घर सापडेल का? आपल्या कितीतरी खाला, फुफू सुरैया आहेत. त्यांचं नाव ज्या ताऱ्यांच्या पुंजक्यावरून आलं, तो त्यांना कुणी दाखवलाय का? सुहेल म्हणजे अगस्त्य. हिवाळ्यात आपल्या महाराष्ट्रातून दक्षिणेला क्षितिजाच्या थोडा वर ठळक दिसतो. जोहरा म्हणजे शुक्र, मुश्तरी म्हणजे गुरू, बद्र म्हणजे पुनवेचा चंद्र, हिलाल म्हणजे कोर, नजमा म्हणजे तारा. हजेरीपटावर अर्धं आकाश असतं. मी वर्गातल्या सुहेलला अगस्त्य दाखवते तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

अशी अरबीतून आलेली शंभराहून जास्त नावं आजही जगभर वापरली जातात. राजन्य म्हणजे रायजेल, मूळ शब्द रिज्ल, म्हणजे पाय. हंस म्हणजे डेनेब, मूळ शब्द झनब, म्हणजे शेपूट. मीनास्य म्हणजे फोमलहौट, मूळ फम अल्-हूत, म्हणजे माशाचं तोंड. आणि मीनास्य या शब्दाचाही अर्थ नेमका तोच. काक्षीला इंग्रजीत बीटलज्यूस म्हणतात. ते मुळात यद अल्-जौझा, जौझाचा हात. पण अरबीतून लॅटिनमध्ये उतरवताना कुणीतरी 'य'च्या नुक्त्यांत गफलत केली आणि त्याचा 'ब' झाला. एका नुक्त्याची गफलत आठशे वर्षं आकाशात टिकून आहे!

ही नावं ऐकली की आपल्याला बरं वाटतं. वाटावंच. आपल्या मुलांना रोज कुठून ना कुठून ऐकावं लागतं की तुम्ही इथले नाही, तुमचं ज्ञानात काही योगदान नाही. अशा वेळी आकाशाकडे बोट दाखवून "हे बघ" म्हणता येणं ही छोटी गोष्ट नाही. पण मला तुम्हाला इथे थोडं सावध करायचंय. अभिमान दोन प्रकारचा असतो. एक माहितीतून येतो, दुसरा फॉरवर्डमधून.

एक उदाहरण देते. व्हॉट्सॲपवर फिरत असतं की मरियम अल्-अस्तुरलाबी या मुस्लिम स्त्रीने अस्त्रोलॅबचा, म्हणजे तारे मोजायच्या यंत्राचा शोध लावला. खरं काय आहे? दहाव्या शतकात अलेप्पोमध्ये सैफ अल्-दौलाच्या पदरी अस्त्रोलॅब बनवणारी एक स्त्री होती, अशी नोंद इब्न अल्-नदीमच्या ग्रंथसूचीत आहे. तिथे तिचा उल्लेख आडनावाने, अल्-इजलिया असा आहे. मरियम हे नाव नंतर जोडलं गेलं. आणि अस्त्रोलॅब त्याच्या कितीतरी शतकं आधी ग्रीकांकडे होता. मग तिची गोष्ट लहान झाली का? मला तर उलट वाटतं. हजार वर्षांपूर्वी एक स्त्री धातूवर अंश कोरून अचूक यंत्रं बनवत होती, आणि दरबार तिला त्याचं मोल देत होता. हे खरं आहे आणि एवढं पुरेसं आहे. खऱ्याला फुगवलं की समोरचा एक टाचणी लावतो आणि मग खरंही खोटं ठरतं.

आपल्या पूर्वजांनी काम कसं केलं तेही बघा. अब्दुर्रहमान अल्-सूफी यांनी ९६४ च्या सुमारास स्थिर ताऱ्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यांच्यासमोर टॉलेमीची ग्रीक यादी होती. ती त्यांनी परक्यांची म्हणून फेकली नाही आणि थोरांची म्हणून डोळे झाकून उतरवलीही नाही. एकेक तारा स्वतः पाहिला, किती तेजस्वी आहे ते पुन्हा ठरवलं, चूक वाटली तिथे चूक म्हटलं. अरबस्तानातल्या वाळवंटी टोळ्यांची जुनी नावं शोधून ग्रीक नावांशेजारी ठेवली. प्रत्येक तारकासमूहाचं चित्र दोनदा काढलं: एक जमिनीवरून दिसतं तसं, दुसरं आकाशगोलावर बाहेरून बघितल्यासारखं. देवयानी तारकासमूहात एक 'छोटा ढग' आहे असंही त्यांनी नोंदवलं. तो ढग म्हणजे देवयानी दीर्घिका, आपल्यासारखीच दुसरी आकाशगंगा. दुर्बीण यायला अजून साडेसहाशे वर्षं होती.

आता आपल्या मातीतलं बघू. चंद्र रोज ज्या ताऱ्यांजवळ मुक्काम करतो त्या मुक्कामांना अरबीत मंझिल म्हणतात, अशा अठ्ठावीस. आपल्याकडे नक्षत्रं सत्तावीस, जुन्या मोजणीत अभिजित धरून अठ्ठावीस. अरबी यादीत तिसरी मंझिल सुरैया, आपल्या यादीत तिसरं नक्षत्र कृत्तिका. चौथी मंझिल अल्-दबरान, चौथं नक्षत्र रोहिणी. म्हणजे तेच आकाश, तीच मोजणी, नावं दोन. अल्-बीरुनी यांनी हजार वर्षांपूर्वी भारतावर लिहिताना या दोन पद्धती शेजारी ठेवून तपासल्या होत्या. पुढे १३७० मध्ये फिरोजशाह तुघलकाच्या दरबारात महेंद्र सूरी या जैन मुनींनी अस्त्रोलॅबवर संस्कृतात पहिला ग्रंथ लिहिला, त्याचं नाव 'यंत्रराज'. बादशाह मुस्लिम, लेखक जैन, भाषा संस्कृत, यंत्र ग्रीक, आणि इथवर आलं ते अरबी-फारसीतून. जो म्हणतो की या देशात आपण एकमेकांपासून काही शिकलो नाही, त्याला हा ग्रंथ दाखवा.

मराठवाड्यातली मंडळी इथे बसलीत, त्यांच्यासाठी आणखी एक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १९०१ च्या सुमारास, हैदराबादचे नवाब जफर जंग यांनी स्वतःच्या हौसेने इंग्लंडहून मोठी दुर्बीण मागवली आणि वेधशाळा उभी केली. १९०८ मध्ये निजाम सरकारने ती ताब्यात घेतली, पुढे ती उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. जगातल्या काही मोजक्या वेधशाळांनी सगळं आकाश वाटून घेऊन त्याची छायाचित्रं काढायचं आणि लाखो ताऱ्यांची जागा मोजायचं काम हाती घेतलं होतं. त्यातला एक पट्टा आपल्या निजामिया वेधशाळेने मोजला. तेव्हा औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड त्याच राज्यात होते. म्हणजे हा वारसा समरकंदइतका दूरचा नाही, एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावरचा आहे.

पण वारशाची दुसरी बाजूही मुलांना सांगायला हवी. समरकंदमध्ये उलुग बेग या राजाने भव्य वेधशाळा बांधली, १४३७ मध्ये हजारावर ताऱ्यांची नवी यादी तयार झाली. १४४९ मध्ये त्याच्या स्वतःच्या मुलानेच त्याला मारवलं, वेधशाळा ओसाड पडली आणि मातीखाली गेली. इस्तंबूलमध्ये तकीउद्दीन यांची वेधशाळा १५७७ मध्ये पुरी झाली आणि १५८० मध्ये सुलतानाच्याच हुकमाने पाडली गेली. बांधणारे आपले होते आणि पाडणारेही आपलेच. ज्ञान कुठल्या रक्तात नसतं. समाज त्याला जागा देतो तोवर ते राहतं, जागा काढून घेतली की निघून जातं. म्हणून खरा प्रश्न आपले पूर्वज काय होते हा नाही. आज आपण कशाला जागा देतोय, हा आहे.

आता चाँदकडे येते, कारण तुम्ही सगळे मनात त्याचीच वाट बघत असाल. दरवर्षी एकोणतिसाव्या रोज्याला आपल्याकडे काय होतं? संध्याकाळपासून फोन. "दिसला का?" "अमक्या शहरात दिसला म्हणे." कधी एकाच शहरात दोन मोहल्ल्यांत दोन ईद. एकाच घरात एका भावाचा रोजा आणि दुसऱ्याची ईद, आणि त्यावरून अबोला. हे भांडण मी तारांगणात नेऊन सोडवते असं म्हणत नाही. ईद कधी जाहीर करायची हा निर्णय उलेमा आणि हिलाल कमिटीचा आहे. काही देशांत गणित मानतात, काही ठिकाणी डोळ्यांनी पाहणंच मानतात, आणि त्यावर विद्वानांत प्रामाणिक मतभेद आहेत. पण चाँद कधी दिसू शकतो आणि कधी दिसणं शक्यच नसतं, हे समजायला आठवीचं विज्ञान पुरतं.

२०२५ ची ईद आठवा. अमावास्येचा क्षण, म्हणजे चंद्र सूर्याच्या दिशेला येतो ती वेळ, २९ मार्चला आपल्या वेळेनुसार दुपारी ४ वाजून २८ मिनिटांनी होती. त्या दिवशी युरोपात खंडग्रास सूर्यग्रहणही दिसलं. ग्रहण दिसतंय याचा अर्थच चंद्र सूर्यासमोर आहे. मुंबईत सूर्य मावळला सातच्या थोडा आधी, म्हणजे चंद्राचं 'वय' जेमतेम अडीच तास. एवढी कोवळी कोर उघड्या डोळ्यांनी आजवर दिसलेली नाही. त्यासाठी साधारण पंधरा तासांहून जास्त वय लागतं, आणि बहुतेक वेळा वीस-चोवीस तास. दुसऱ्या दिवशी, ३० मार्चच्या संध्याकाळी, तोच चंद्र सव्वीस तासांचा झाला होता. देशभरात चाँद दिसला आणि ३१ मार्चला ईद झाली. तारांगणात हे दोन्ही दिवस घुमटावर शेजारी लावून दाखवता येतात. सूर्य मावळतो, चंद्र कुठे आहे ते दिसतं, आणि मुलांना कळतं की "दिसला म्हणे" या वाक्याला प्रतिप्रश्न विचारता येतो: कुठे? किती वाजता? क्षितिजापासून किती वर? कोरीची टोकं कुठल्या बाजूला होती? हा प्रश्न विचारणं म्हणजे बेअदबी नाही. शहादत तपासून घेण्याची रीत आपल्या परंपरेतच आहे.

याच चंद्राने आपल्याला शेजाऱ्याच्या घराशीही बांधलंय. २०२३ मध्ये गुढीपाडवा २२ मार्चला होता आणि पहिला रोजा २४ मार्चला. २०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला आणि ईद ११ एप्रिलला. २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला, ईद ३१ ला. हा योगायोग नाही. दोन्ही महिने एकाच अमावास्येनंतर सुरू होतात. त्यांची प्रतिपदा आधी येते, आपलं चंद्रदर्शन एक-दोन दिवसांनी. मग २०२३ मध्ये पाडव्याला रमजान सुरू झाला आणि पुढच्या वर्षी पाडव्याला रमजान संपला, असं का? कारण २०२३ मध्ये अधिक श्रावण आला. आपलं हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, सौर वर्षाहून अकरा दिवस लहान. पंचांगवाले अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ राखतात, आपण घालत नाही, म्हणून आपला रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो. भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात बघा, एकाच चौकोनात चंद्रदर्शनही असतं आणि मुस्लिम मासारंभही. ते कॅलेंडर मी वर्गात टांगते आणि मुलांना फरक मोजायला लावते. हिंदू मुलं आणि मुस्लिम मुलं एकाच फळ्यापाशी उभी राहून हे गणित करतात, तेव्हा मला वेगळं 'सलोख्यावर' भाषण द्यावं लागत नाही.

आता मुलींबद्दल. दिवसा तारांगण बघायला सगळ्यांची परवानगी असते. रात्रीचं आकाशदर्शन म्हटलं की मुलींची नावं यादीतून गळायला लागतात. एका आईने मला सरळ विचारलं, "मॅडम, तारे बघून हिला काय मिळणार? रात्रभर बाहेर ठेवायचं म्हणजे लोक बोलणार." मी वाद घातला नाही. म्हटलं, "भाभी, तुम्हीही चला ना." त्या आल्या, आणखी तीन आया आल्या, एक नानीजान आल्या. नानीजान खुर्चीवर शाल घेऊन बसल्या आणि पहाटेपर्यंत आम्हाला सांगत राहिल्या की त्यांच्या लहानपणी गावात घड्याळ नव्हतं, तारे कुठे आलेत ते बघून सहरीला उठायचे. जे आम्ही शिकवायला नेलं होतं, ते त्या घरूनच घेऊन आल्या होत्या. पुढच्या वर्षी त्या मुलीचं नाव यादीत पहिलं होतं. तेव्हा पालकांशी भांडू नका, त्यांना सोबत घ्या. पण मुलीचं नाव गळू देऊ नका. अंधार मुलांसाठी असतो तितकाच मुलींसाठीही असतो, आणि आकाश तर नक्कीच असतं.

आता कामाचं सांगते, म्हणजे घरी जाऊन काय करायचं ते.

पहिलं, तुमच्या शाळेची, मदरशाची किंवा मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेची एक सहल तारांगणाला न्या. जाणं जमत नसेल तर फिरतं तारांगण बोलवा, खर्च दोन-तीन शाळांनी वाटून घ्या. आकाशाची हौस असलेले लोकही मदत करतात. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे, मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचं आकाशदर्शन घेतं. संकोच करू नका. आकाशवेड्या माणसाला नाव-गाव न विचारता दुर्बिणीला डोळा लावायला सांगायची सवय असते.

दुसरं, रात्रीच्या आकाशदर्शनाला नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, अमावास्येच्या आसपास, शहराच्या उजेडापासून दूर जा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तोवर मोबाइल खिशात. बॅटरीला लाल जिलेटीन कागद लावा. आधी ध्रुव शोधा. पुण्यात तो क्षितिजापासून साधारण साडेअठरा अंशांवर दिसतो, कारण पुण्याचा अक्षांश तेवढाच आहे. हे ज्याने स्वतः मोजलं, त्याला पृथ्वी गोल आहे हे कुणी पटवून द्यावं लागत नाही.

तिसरं, २८ मेच्या आसपास आपल्याकडे दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी सूर्य बरोबर काबाच्या डोक्यावर असतो. पुण्या-मुंबईत मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, तसाच तो मक्केचा. त्या क्षणी अंगणात एक सरळ काठी उभी करा. सावलीच्या उलट दिशेला किबला. ना ॲप लागतं, ना होकायंत्र.

चौथं आणि शेवटचं. दर चांद्र महिन्याच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी गच्चीवर जा. फक्त रमजानला नाही, बाराही महिने. वही घ्या. तारीख, ठिकाण, सूर्य मावळल्याची वेळ, चंद्र दिसला की नाही, दिसला तर किती वाजता आणि कुठे, एवढं लिहा. नाही दिसला तर 'नाही दिसला' असंच लिहा. तेही तितकंच मोलाचं आहे. दोन वर्षं हे केलंत तर तुमच्या मोहल्ल्यात चाँदबद्दल फोन करणारे लोक तुम्हाला फोन करतील. अल्-सूफींनी हेच केलं होतं: स्वतः पाहिलं आणि पाहिलं तेवढंच लिहिलं.

आपल्या संविधानात, अनुच्छेद ५१ क मध्ये, वैज्ञानिक दृष्टिकोन आणि चौकस बुद्धी वाढवणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य सांगितलंय. हे कर्तव्य पार पाडायला प्रयोगशाळा लागते असं नाही, गच्ची पुरते. येत्या एकोणतिसाव्या संध्याकाळपासून सुरुवात करा आणि पुढच्या शिबिराला येताना वही घेऊन या.